ईएसआयचं आजारपण वेगळं आणि कामावरचा अपघात वेगळा, दोन्ही एक समजू नका

भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, बोट गेलं की दवाखान्यात पोचायच्या आत कितीदा तरी हेच ऐकायला मिळतं, "डॉक्टरला सांग घरी दारात सापडलं, बाकी सगळं आम्ही बघतो." पोरगं घाबरलेलं असतं, रक्त थांबत नसतं, शेजारी सुपरवायझर बसलेला असतो, मग ते तसंच सांगतं. पुढे ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पैसे खात्यात आले की त्याला वाटतं झालं, मिळालं आपल्याला. पण ते मिळालेले असतात आजारपणाचे, अपघाताचे नाहीत.

आजारपणाचा लाभ म्हणजे टायफॉइड झाला, ऑपरेशन झालं, घरी पाय मोडला, असल्या गोष्टींसाठी. सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि आधीच्या सहा महिन्यांच्या टप्प्यात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते, म्हणजे नुकताच लागलेला असेल तर हातात काहीच नाही. कामावरच्या अपघाताला ही वर्गणीची अट नाही. पहिल्याच दिवशी हात अडकला तरी हक्क आहे, 90 टक्के मिळतात आणि डॉक्टर फिट म्हणेपर्यंत मिळत राहतात. फक्त अपघाताचा दिवस सोडून निदान 3 दिवस काम बंद राहिलेलं पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्यानंतर आहे, जी आजारपणात येतच नाही. जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड बघतं की कमवायची ताकद किती टक्के गेली. कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट गेलं तर 14 टक्के धरलेत. समजा रोज 500 पडतो, त्याचे 90 टक्के 450, त्यातले 14 टक्के म्हणजे दिवसाला 63 रुपये, महिन्याला साधारण 1,900, आणि हे जन्मभर, पुढे दुसरीकडे नोकरी लागली तरी. पंचविशीतल्या पोराचं आयुष्यभराचं गणित करून बघा आणि मग सांगा "घरी सापडलं" हे वाक्य केवढ्याला पडलं.

मालक असं का करतात? फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, ज्या मोठ्या कंपनीला माल जातो तिच्या ऑडिटमध्ये दिसेल, गेटवरच्या बोर्डावरचा अपघाताचा आकडा बदलावा लागेल, ही भीती असते. आणि कधीकधी तर नोंदणीच झालेली नसते, अपघात झाल्यावर धावपळ करून ईएसआय नंबर काढतात. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेनेही हे वारंवार मांडलंय. मला याचा खरंच राग येतो, कारण अपघात कळवला म्हणून मालकाची वर्गणी वाढत नाही, ती पगाराच्या 3.25 टक्केच राहते, आणि भरपाईचा बोजा ईएसआय उचलतं. तरी बरेच मालक खासगी दवाखान्याचं बिल भरतात, दोन महिने घरबसल्या पगार देतात आणि मेहेरबानी केल्यासारखं बोलतात, आणि कामगारही उपकार मानतो, पण त्या मेहेरबानीत जन्मभराची पेन्शन जाते हे त्याला कुणी सांगत नाही.

म्हणून केसपेपर लिहिला जातो तेव्हाच डॉक्टरला खरं सांगा, मशीनवर झालं, किती वाजता, कुठल्या मशीनवर. कारखान्यात अपघात वही असते, त्यात नोंद करून घ्या, तुम्ही दवाखान्यात असाल तर तुमच्या वतीने सोबतचा माणूस सांगू शकतो. फॉर्म 12 म्हणजे अपघाताचा रिपोर्ट, तो मालकाने ईएसआयला पाठवायचा असतो. त्याने नाही पाठवला तर ब्रांच मॅनेजरला स्वतः अर्ज द्या आणि पोच घ्या, सोबत हजेरीचा फोटो, पगाराची स्लिप, कुणी बघितलं त्यांची नावं जोडा. ठेकेदाराकडे असाल तरी हक्क तोच आहे. अपघाताचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही एचआरला ठणकावून सांगा.

अजून एक, घरून कामावर येता-जाताना रस्त्यात अपघात झाला तर 2010 च्या दुरुस्तीपासून तोही कामावरचाच धरतात, फक्त त्या प्रवासाचा, वेळेचा नि जागेचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. त्यामुळे बाईकवरून शिफ्टला जाताना पडलात तर तो आजारपणात टाकू देऊ नका.