एपीटीची यादी आणि डीपीकेजीची नोंद: पुसायची कोणती, जपायची कोणती

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर पॅकेज (सॉफ्टवेअर) शोधून उतरवणाऱ्या एपीटी या साधनाची 'एपीटी अपडेट' ही कमांड चालवताना 'हॅश सम मिसमॅच' (उतरवलेली यादी अपेक्षेशी जुळत नाही) अशी एरर आली की हमखास सल्ला मिळतो: /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्समधलं सगळं उडवा आणि पुन्हा अपडेट करा. सल्ला योग्यच आहे. पण त्याच /व्हार/लिबमध्ये डीपीकेजी नावाची डिरेक्टरीही असते; पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या डीपीकेजी या साधनाची ती. दोन्हीकडे पॅकेजची नावं, व्हर्जन, डिपेंडन्सी असाच मजकूर दिसतो. जागा मोकळी करण्याच्या भरात डीपीकेजीलाही हात लागला, तर मात्र प्रकरण अंगाशी येतं.

लिस्ट्समध्ये रिपॉझिटरीत (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यात) काय उपलब्ध आहे याची यादी असते, सर्व्हरवरून उतरवलेली. ती पुसली तर पुढच्या अपडेटपर्यंत नवं पॅकेज सापडत नाही, एवढंच. डॉकर इमेज (कंटेनर चालवायचा तयार साचा) लहान ठेवायला लोक ती बिनधास्त पुसतात.

डीपीकेजीत असते ती या मशीनवर प्रत्यक्ष काय बसवलंय त्याची नोंद. ही माहिती कुठल्याच सर्व्हरवर नसते, कारण काय बसवलं आणि काय काढलं ते फक्त इथेच घडलेलं असतं. तिथली स्टेटस नावाची फाइल साधी टेक्स्ट आहे, एकदा उघडून वाचाच. प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद आणि त्यात एक ओळ: 'स्टेटस: इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड'. पहिला शब्द तुम्हाला काय हवंय ते सांगतो, दुसरा काही बिघाड आहे का ते, आणि तिसरा सध्याची खरी अवस्था. पॅकेज 'रिमूव्ह' केलं आणि त्याच्या कॉन्फिग फाइल मागे उरल्या, की तीच ओळ 'डीइन्स्टॉल ओके कॉन्फिग-फाइल्स' होते आणि 'डीपीकेजी -एल'च्या यादीत त्यापुढे 'आरसी' दिसतं. 'पर्ज' (कॉन्फिग फाइलसकट काढणं) केल्यावरच ती नोंद जाते.

शेजारच्या इन्फो फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजने कुठल्या फाइल टाकल्या त्याची .लिस्ट फाइल असते. ती हरवली तर डीपीकेजी इशारा देतं आणि या पॅकेजची एकही फाइल बसवलेली नाही असं धरून चालतं. मग पॅकेज काढलं तरी फाइल जागच्या जागी पडून राहतात. अशा वेळी ते पॅकेज 'रीइन्स्टॉल' करावं, .लिस्ट परत तयार होते. स्टेटस फाइल बिघडली असेल तर आधी /व्हार/बॅकअप्समध्ये बघा. डेबियन तिथे डीपीकेजी.स्टेटस.0 आणि त्याआधीच्या काही प्रती ठेवतं.

आणखी एक सांगायलाच हवं: पुसायचं ते फक्त लिस्ट्समधलं, अख्खी एपीटी डिरेक्टरी नाही. तिच्यातल्या एक्स्टेंडेड_स्टेट्स फाइलमध्ये कुठलं पॅकेज दुसऱ्याची गरज म्हणून आपोआप आलं ते लिहिलेलं असतं. ती गेली की सगळीच पॅकेजेस तुम्ही मागून घेतलेली ठरतात आणि गरज न उरलेली पॅकेजेस काढणाऱ्या 'ऑटोरिमूव्ह'ला काढण्यासारखं काही उरत नाही.

दोन्ही एका जागी बघायचे तर 'एपीटी-कॅश पॉलिसी बॅश' चालवा (बॅश हे उदाहरणादाखल घेतलेलं पॅकेज). 'इन्स्टॉल्ड' हे डीपीकेजीच्या नोंदीतून येतं. खालच्या तक्त्यात रिपॉझिटरीच्या ओळीपुढे प्राधान्याचा आकडा सहसा 500 असतो आणि /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटसपुढे 100. लिस्ट्स रिकामी करून तीच कमांड पुन्हा चालवली, तर रिपॉझिटरीच्या ओळी जातात आणि 100ची ओळ तेवढी राहते.