कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव कळतो का?

कपालविद्या म्हणजे कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगण्याची पद्धत. तिच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत कोणता गुण कुठे, हे दाखवणारे डोक्याचे नकाशे असतात. कॅलिपर या चिमट्यासारख्या साधनाने मापे घ्यायची, बोटांनी डोके चाचपायचे आणि फुगवटा दिसला की तिथला गुण प्रबळ समजायचा. आकडे आणि आकृत्या पाहून आजही अनेकांना वाटते, यात काहीतरी तथ्य असणारच. तसे नाही.

या विद्येचा पाया घालणारे डॉक्टर फ्रांझ योसेफ गॉल यांनी मेंदूचे २७ अवयव मानले, प्रत्येक गुणाचा एक, आणि कवटी त्यांच्या आकारानुसार घडते असे धरले. चूक इथेच आहे. कवटीची जाडी जागोजागी बदलते. बाहेरचा पृष्ठभाग आतल्याची नक्कल नसतो. भुवयांची कड घ्या. आकार, रंग, क्रम ओळखण्याच्या शक्ती नकाशात तिथे दाखवल्या आहेत. पण त्या हाडात हवेची पोकळी असते, आणि ती प्रत्येकात वेगळ्या मापाची, काहींत तर नसतेच. म्हणजे तिथला उंचवटा बहुधा पोकळीचा, मेंदूचा नव्हे! डोक्यामागचा मधला उंचवटाही मेंदूचा नव्हे; त्याला मानेचा मजबूत बंध जोडलेला असतो.

गॉल यांनी कामवासना लहान मेंदूत ठेवली होती. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लूरांस यांनी प्राण्यांतला तो भाग काढला, तेव्हा बिघडला तो हालचालींचा ताळमेळ. २०१८ मध्ये सुमारे ६,००० लोकांच्या एमआरआय प्रतिमांवर कपालविद्येचे दावे तपासले गेले. आधार मिळाला नाही.

मन मेंदूत आहे आणि त्याची कामे वाटलेली आहेत, हा गॉल यांचा आग्रह मात्र मोलाचा होता. फ्रेंच शल्यचिकित्सक ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचेशी निगडित भाग दाखवला, तोही डोके चाचपून नाही, मृत रुग्णाचा मेंदू तपासून.