दारुड्याचा इलाज जुगाऱ्याला लावू नका

दारूचं व्यसन काय असतं, हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. तोंडाला वास, हाताला थरथर, घरात रोजची कटकट. मग कुणीतरी गळ्यात माळ घालायला लावतं, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकतं. वैताग याचा येतो की जुगाऱ्यालाही तेच करतात. त्याआधी वर्षभर 'पोरगं निर्व्यसनी आहे, सुपारीसुद्धा खात नाही' म्हणत हिंडलेले असतात.

किरकोळ फरक उरकून टाकतो. जुगाराला वास नसतो. तिरटाच्या (पत्त्यांच्या) फडावर निदान चार माणसं बघतात. मोबाइलवर माणूस बायकोशेजारी पडल्या पडल्या हरतो. दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जुगार तोडल्यावर चिडचिड आणि बेचैनी. पण व्यसन दोन्ही खरंच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनं 2013 साली जुगार दारूच्याच प्रकरणात घातला.

खरी गोची पैशाची आहे. पुढच्या बाटलीनं लिव्हर बरं होईल असं दारुड्याला वाटत नाही. जुगाऱ्याला मात्र पुढचा डाव मागचं सगळं भरून काढील असंच वाटतं. हजार गेले, ते काढायला दोन हजार. ते गेले की चार. 'फक्त गेलेले काढतो, मग बंद' हे वाक्य कानावर आलं की शौक संपला असं समजा. रक्कम बघू नका. दिवाळीत ठरवून पाचशे हरून उठणाऱ्यापेक्षा शंभर हरून ते काढायला उसने मागणाऱ्याची काळजी करा.

घरचे चुकतात ते इथंच. मोंढ्यावर सोयाबीन घालून आलेली पट्टी, नाहीतर एकर-दीड एकर विकून सगळं कर्ज एकदम फेडतात. 'डोक्यावरचं ओझं उतरलं, आता सुधरेल.' होतं उलटं: वहीतलं नाव खोडलं की त्याला पुन्हा उसने मिळतात, आणि घरचे फेडतात हे आता देणाऱ्यालाही ठाऊक झालेलं असतं. जमीन विकू नका. सगळी देणी त्याच्या तोंडून एका कागदावर लिहून घ्या (एखादं लपवतोच, आठवड्यानं परत विचारा). हप्ते त्याच्याच कमाईतून, पण ज्याचे त्याला घरच्यांनी नेऊन द्यायचे. एटीएम, यूपीआय, पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात. आणि लग्न लावून द्यायचं तर नावच काढू नका. कुणाच्या लेकीला यात ओढू नये.

'मर्यादेत खेळ' हा सल्ला ज्याचा हात अजून थांबतो त्याच्यासाठी, तोही राज्य लॉटरीच्या तिकिटापुरता. मटका बेकायदा आहेच, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी घातली.

इलाज मुख्यतः समुपदेशनाचा. संभाजीनगरला घाटी हे सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. तिथं मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतून. तो तयार नसेल तर आईनं किंवा बायकोनं लावावा. 'मी नसलेलाच बरा' असं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, फोन त्याच रात्री करा.