घोडदळाच्या कार्बाइनचे मूळ काडतूस कसे ओळखावे
(स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, बाळगणाऱ्या ग्राहकांसाठी)

आधी हत्यार रिकामे आहे याची खात्री करा. स्नायडरचा घोडा अर्धा चढवून मागचे झाकण उजवीकडे उलटवा. मार्टिनीचा खालचा दांडा पुढे ढकला. नळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. तोंडाकडून भरायची जुनी कार्बाइन असेल तर लाकडी काठी आत टेकवून नळीच्या तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून लावून पाहा. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचे टोक कानाच्या (दारू पेटवायच्या छिद्राच्या) बरेच अलीकडे राहिले, तर आत बार आहे असे समजा आणि पुढे काहीही करू नका.

खटक्याच्या पट्टीवरच्या सालावरून काडतूस ठरवू नका. स्नायडर कार्बाइन बहुतेक जुन्या, तोंडाकडून भरायच्या हत्यारांवरून बदललेल्या आहेत; पट्टीवर 1862 असले तरी मागची रचना 1866 नंतरचीच. शिवाय 1857 नंतर देशी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागचे हत्यार देण्याचा रिवाज होता, त्यामुळे मार्टिनी आल्यावरही इथे स्नायडर बरीच वर्षे चालली. आणि एनफिल्डच्या नावातले 'एन' अक्षर उलटे कोरलेले असेल, तर ती वायव्य सरहद्दीकडची नक्कल समजावी. तिच्या चेंबरचे (नळीत काडतूस बसते त्या जागेचे) माप छापील कोष्टकाशी जुळेलच असे नाही.

खरे उत्तर नळीत आहे. स्नायडर 14.7 मिमी, मार्टिनी-हेन्री 11.4 मिमी, आणि पुढे बदललेली मार्टिनी-एनफिल्ड 7.7 मिमी. आट्यांची (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांची) संख्या विषम असते (हेन्रीत 7), त्यामुळे उंचवट्यासमोर उंचवटा येत नाही आणि व्हर्नियरचे माप थोडे चुकते. पण तिन्ही मापांत इतके अंतर आहे की घोटाळा होत नाही. शंका उरलीच तर चेंबरचा साचा घेतो. त्यासाठी वापरतो तो सेरोसेफ मिश्रधातू आधी आकसतो, मग फुगतो. म्हणून साचा ओतल्यापासून एका तासाने मोजायचा. दुसऱ्या दिवशी घेतलेले माप आम्ही धरत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ते काडतुसाचे बूड. स्नायडर आणि मार्टिनी, दोन्हींच्या बुडाची कड साधारण 19 मिमी. म्हणून 'बूड बसतंय' एवढ्यावर कुणी काडतूस विकत असेल तर घेऊ नका. स्नायडरची कवची सरळ आणि सुमारे 51 मिमी. मार्टिनीची सुमारे 60 मिमी, पुढे मान आवळलेली, आणि गोळीवर कागद गुंडाळलेला.

मार्टिनीत आणखी एक पायरी आहे. रायफल आणि कार्बाइन यांची कवची एकच, पण भार वेगळा: रायफलला 480 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे जुने, ग्रॅमहून खूप लहान माप) गोळी आणि 85 ग्रेन काळी दारू, तर 1877 च्या घोडदळी कार्बाइनला 410 आणि 70. आखूड, हलक्या हत्यारात रायफलचा बार खांदा फोडतो, म्हणून ही तजवीज. एकाच घडणीच्या दोन काडतुसांत कार्बाइनचे सुमारे 5 ग्रॅमने हलके भरते. सोनाराच्या काट्यावर हा फरक सहज कळतो.

घडणीवरून काळ सांगता येतो. पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी आणि बुडाला लोखंडी चकती असेल तर जुनी बॉक्सर पद्धत. ही कवची नळीत अडकत, पत्रा फाटत असे. सुदानच्या 1884-85 च्या मोहिमेत त्याचा फटका बसला आणि मग अखंड ओढीव पितळ आले. गुंडाळी काडतुसाच्या बुडावर बहुधा शिक्का नसतो. त्यामुळे खडकीचा कारखाना 1869 चा असला, तरी पुण्यात सापडले म्हणजे खडकीचेच, असे सांगता येत नाही.

काडतूस घासू नका, तेल लावू नका, गोळी उपटू नका, चेंबरमध्ये घालून पाहू नका. लोखंडी चकतीवरचा गंज आणि शिसावरची पांढरी बुरशीसारखी पूड तशीच राहू द्या. त्या पुडीला उघड्या हाताने शिवू नका, ती विषारी असते. बुडातली जुनी टोपी (ठिणगी देणारा भाग) अजूनही पेटू शकते. हत्यार कालबाह्य म्हणून सूट असली तरी जिवंत काडतुसाला ती आपोआप लागू धरू नका. परवाना नसेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवा. आमच्याकडे फक्त फोटो पाठवा: बूड, बाजू, गोळीचे टोक, शेजारी मिलिमीटरची पट्टी. काडतूस कुरिअरने मुळीच पाठवू नका.