ऑटो-ग्रॅच्युइटी

अमेरिकेतील रेस्टॉरंटांत मोठा घोळका जेवायला बसला की बिलातच ठरावीक टक्के टिप लावून येते, तिला ऑटो-ग्रॅच्युइटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी सहा किंवा आठ माणसांपासून पुढे हा नियम लागू होतो आणि दर १८ ते २० टक्के असतो. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे छापलेले असते. गिऱ्हाईक तिला टिप समजते, वेटरही बोलताना टिपच म्हणतो. तिथल्या केंद्रीय करखात्याच्या लेखी मात्र ती टिप नसून मालकाने आकारलेले सेवाशुल्क आहे. हे पैसे नेमके कोणाचे, वेटरच्या हातात कधी आणि किती पडतात, याची उत्तरे या फरकावर ठरतात.

वेटरचा पगार

ही प्रथा समजायला आधी वेटरला पगार कसा मिळतो ते पाहावे लागते. १९३८च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट’ने अमेरिकेत किमान वेतन आणले, पण हॉटेल-रेस्टॉरंटांतले कामगार बराच काळ त्याबाहेर राहिले. १९६६च्या दुरुस्तीने त्यांना कायद्याखाली घेतले, तेही मालकांना एक सवलत देऊन: गिऱ्हाइकांनी दिलेल्या टिपचा काही भाग किमान वेतनात धरण्याची मुभा. हीच ‘टिप क्रेडिट’. केंद्रीय किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप नियमित मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून २.१३ डॉलर दिले तरी कायद्याचे समाधान होते. उरलेले ५.१२ डॉलर टिपमधून निघावेत, न निघाल्यास तूट मालकाने भरावी, अशी तरतूद आहे. २.१३चा हा आकडा १९९१पासून जागचा हललेला नाही, आणि तो राजकीय सोयीखेरीज दुसऱ्या कशाने समजावून सांगता येत नाही.

सगळीकडे मात्र हीच स्थिती नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट चालत नाही, तिथे टिप पूर्ण वेतनावर वरकड. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत २०२५मध्ये सर्वसाधारण किमान वेतन १५.४९ डॉलर, तर टिपवाल्या कामगाराला मालकाने द्यायची किमान रोख रक्कम ५.६२ डॉलर होती. भारतातून गेलेल्या पाहुण्याला ‘पगार मिळतो ना, मग टिप कशाला?’ असे वाटते. त्याचे उत्तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

टिप देण्याची चाल अमेरिकेत युरोपातून आली. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना रेल्वे आणि हॉटेलांनी तुटपुंज्या पगारावर ठेवले आणि बाकीचे प्रवाशांवर सोडले. पुलमन कंपनीच्या शयनयानांतले पोर्टर हे याचे ठळक उदाहरण. १९०९मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर बंदी घातली, आणखी पाच राज्यांनी तोच मार्ग धरला, पण १९२६पर्यंत हे सर्व कायदे मोडीत निघाले होते.

मोठ्या टेबलालाच का

वेटरला त्याच्या वाटणीची तीन-चार टेबले असतात, त्याला ‘सेक्शन’ म्हणतात. बारा जणांची पार्टी आली की दोन-तीन टेबले जोडावी लागतात आणि सेक्शन जवळजवळ संपतो. असे गट अडीच-तीन तास बसतात. एरवी त्या वेळात तीच टेबले दोनदा भरून रिकामी झाली असती. म्हणजे वेटरची अख्खी संध्याकाळ एका बिलावर टांगलेली असते. ते बिल टीटीएमएम पद्धतीने फुटले की प्रत्येकाला वाटते, टिप दुसरा टाकेलच. समाजमानसशास्त्रज्ञ बिब लाताने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गट मोठा होत जातो तशी टिपची टक्केवारी घटते असे दाखवले आणि त्याचा संबंध जबाबदारी विभागली जाण्याशी जोडला. टिप या विषयावर दीर्घकाळ संशोधन केलेल्या कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांनी पुढे या निष्कर्षाला आक्षेप घेतला. त्यांच्या मते ही घट मुख्यतः बिलाशी गुणोत्तर काढण्याच्या पद्धतीतून दिसते. वाद काहीही असो, वेटरला सरासरीची नव्हे, त्या एका टेबलाची धास्ती असते.

ती धास्ती ‘टिप-आउट’मुळे वाढते. वेटर आपल्या कमाईतून टेबल साफ करणारा बसर, थाळ्या पोहोचवणारा रनर आणि बारटेंडर यांना वाटा देतो. अनेक रेस्टॉरंटांत हा वाटा मिळालेल्या टिपवर नव्हे, तर वेटरच्या एकूण विक्रीवर काढतात. समजा, दहा जणांचे बिल ६०० डॉलर झाले आणि टिप-आउट विक्रीच्या ४ टक्के आहे. १८ टक्क्यांची ऑटो-ग्रॅच्युइटी असेल तर १०८ डॉलर आले, २४ वाटून ८४ उरले. ती नसेल आणि मंडळी टेबलावर ३० डॉलर ठेवून गेली, तर वेटरकडे उरतात ६. काहीच ठेवले नाही तर त्या टेबलापायी वाटा इतर टेबलांच्या टिपमधून जातो.

टिप की सेवाशुल्क

करखात्याने, म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसने, ‘रेव्हेन्यू रुलिंग २०१२-१८’मध्ये कसोट्या स्पष्ट केल्या. रक्कम सक्तीविना दिलेली हवी, किती द्यायची हे गिऱ्हाइकाने ठरवलेले हवे, मालकाच्या धोरणाने ती बांधलेली नको, आणि ती कोणाला मिळावी हे ठरवण्याचा हक्क साधारणपणे गिऱ्हाइकाकडे हवा. बिलाखाली १५, १८, २० टक्क्यांचे हिशेब सुचवून टिपची ओळ कोरी ठेवली तर पडते ती टिप. सहा जणांवरच्या पार्टीला १८ टक्के लावून बेरीज छापली तर ते सेवाशुल्क. १ जानेवारी २०१४पासून खात्याने याची कडक अंमलबजावणी सुरू केली.

परिणाम कागदापुरता राहिला नाही. टिप वेटरची मालमत्ता असते. २०१८च्या केंद्रीय दुरुस्तीने तर मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपमध्ये हात घालायला साफ मनाई केली. सेवाशुल्क मात्र आधी मालकाच्या उत्पन्नात जमा होते. केंद्रीय कायद्याप्रमाणे ते वेटरला द्यायलाच हवे असे नाही, आणि दिले तर ते पगार म्हणून, कर कापून, पगाराच्या दिवशी. त्याच रात्री पैसे घरी नेण्याची सवय असलेल्या वेटरला हे खुपते. मालकालाही तोटा असतो: ही रक्कम ओव्हरटाइमचा दर काढताना धरावी लागते, आणि टिपवर भरलेल्या सामाजिक सुरक्षा करासाठी मिळणारी सवलत सेवाशुल्काला मिळत नाही. ‘ऑलिव्ह गार्डन’ चालवणाऱ्या डार्डन कंपनीने २०१३मध्येच काही शहरांत ऑटो-ग्रॅच्युइटी बंद करून त्याऐवजी टक्केवारी सुचवून पाहिली, ती या हिशेबामुळे.

२०२५च्या कर कायद्याने हा फरक आणखी रुंदावला. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिप केंद्रीय प्राप्तिकरातून वजा करता येते, पण ती स्वेच्छेने दिलेली असली तरच. गिऱ्हाइकाला बदलता न येणारी ऑटो-ग्रॅच्युइटी त्यात बसत नाही. टेबलावर राहिलेले शंभर डॉलर आणि बिलात लागलेले शंभर डॉलर आता वेटरच्या दृष्टीने सारखे नाहीत.

राज्ये आणि न्यायालये

केंद्रीय कायदा मालकाला मोकळीक देत असला तरी काही राज्ये देत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये सेवाशुल्क म्हणून घेतलेले पैसे सेवा देणाऱ्या कामगारांनाच द्यावे लागतात. मालकाला स्वतःसाठी काही आकारायचे असेल तर ते टिप नाही हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे लागते. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००८मध्ये, जलपर्यटनाच्या मेजवान्या देणाऱ्या वर्ल्ड यॉट कंपनीच्या प्रकरणात, सामान्य गिऱ्हाईक एखाद्या शुल्काला टिप समजत असेल तर मालकाला ते ठेवून घेता येणार नाही असे ठरवले. गिऱ्हाइकाची समजूत प्रमाण मानणारा हा निकष करखात्याच्या कसोट्यांपेक्षा जास्त न्याय्य वाटतो. फ्लोरिडात ऑटो-ग्रॅच्युइटीची सूचना मेन्यूवर आणि बिलावर, दोन्हीकडे छापणे बंधनकारक आहे. मायामी बीचसारख्या पर्यटनस्थळी दोन माणसांच्या बिलालाही ती लागलेली दिसते, आणि खाली ‘अ‍ॅडिशनल टिप’ची कोरी ओळ असते. ती ओळ भरणारा नवखा पर्यटक दोनदा टिप देतो.

न दिल्यास काय होते, हेही तपासले गेले आहे. २००४मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे, आणि २००९मध्ये पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे, १८ टक्के द्यायला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकांना पोलिसांनी पकडले. दोन्ही ठिकाणी आरोप मागे घेतले गेले.

टिपच काढून टाकण्याचे प्रयोगही झाले. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांच्या युनियन स्क्वेअर हॉस्पिटॅलिटी ग्रुपने २०१५पासून सेवेचा खर्च पदार्थांच्या किमतीत धरला. २०२०च्या उन्हाळ्यात, कोविडच्या टाळेबंदीनंतर रेस्टॉरंटे पुन्हा उघडताना, त्यांनी हे धोरण सोडले.

भारतातील सर्व्हिस चार्ज

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रेस्टॉरंटांत बिलावर दिसणारा ५ ते १० टक्के सर्व्हिस चार्ज हा याचा नातेवाईक, पण तो माणसे मोजत नाही, सगळ्याच टेबलांना लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो बिलात परस्पर लावायला मनाई केली. रेस्टॉरंट आणि हॉटेल चालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, मनाईला स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरत सर्व्हिस चार्जची सक्ती बेकायदा ठरवली. गिऱ्हाइकाने राजीखुशीने टिप द्यायला हरकत नाही. संघटनांनी त्यावर अपील केले. या वादात टिप क्रेडिटचा मुद्दा नव्हताच. भारतात टिप मिळते म्हणून वेटरचे किमान वेतन कमी धरण्याची सोय मालकाला नाही.