नाताळच्या ताटामागे

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत शंकरपाळ्या-करंज्यांचे घाणे सुरू होतात आणि पंचवीस तारखेला ताटं निघतात. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं एक ताट शेजारच्या पद्मशाली घरी, एक समोरच्या काकूंकडे. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आलेला असतो. ताट रिकामं परत द्यायचं नाही, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हा आपल्याकडचा रिवाज.

माझी आजी एक ताट गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, विड्या वळून पोट भरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे पाठवायची. मी निघताना बजावायची, "उभ्या उभ्या ताट रिकामं करून घे. साखर शोधायला त्यांना आत जाऊ देऊ नकोस." या दोन प्रकारच्या ताटांमागे दोन वेगळे इतिहास आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, नाताळच्या भेटींचा प्रसंग एकच आहे, मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातला. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार लोक, बाळापुढे सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात. ते किती जण होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून आपण माणसंही तीन धरली. ज्या घरी ते आले ते घर कसं होतं? लूक सांगतो की मंदिरात बाळाला नेताना मरीया आणि योसेफ यांच्याकडून होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं एवढंच अर्पण अपेक्षित होतं. मोशेच्या नियमशास्त्रात कोकरू न परवडणाऱ्या आईसाठी ही सवलत होती. म्हणजे या घराकडून परत आहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. मागी आले, नमन केलं, ठेवायचं ते ठेवलं आणि दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले.

पुढची काही शतकं ख्रिस्ती मंडळी येशूचा जन्मदिवस पाळत होती असं दिसत नाही. २५ डिसेंबरची पहिली पक्की नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची. पण भेटींची धामधूम रोममध्ये त्याच्या आधीपासून होती. डिसेंबरातल्या सॅटर्नेलियाच्या सणात मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या वाटत, आणि १ जानेवारीला एकमेकांना नववर्षाच्या भेटी देत. या भेटींमध्ये हिशेब असायचा: कोणी काय दिलं, आपण काय द्यायचं. उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन यांनी नववर्षाच्या एका प्रवचनात आपल्या लोकांना कळकळीने सांगितलं की बाकीचे लोक भेटी देतील, तुम्ही गरिबांना दान द्या. मला हे प्रवचन फार जवळचं वाटतं, कारण आजीने ते कधी ऐकलं नव्हतं आणि तरी तंतोतंत पाळलं होतं.

चौथ्या शतकातल्या मायरा गावचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, बिशप निकोलस यांची कथा आपल्याकडच्या कोणालाही लगेच पोचेल. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून एका बापाच्या तीन मुलींची लग्नं अडलेली. निकोलस रात्री, कोणी बघत नाही असं पाहून, खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतात, असं तीनदा. ही आख्यायिका आहे. पण तिच्यातली रात्र महत्त्वाची: देणारा कळला असता तर मुली जन्मभर उपकाराखाली राहिल्या असत्या. त्यांच्या सणाच्या दिवशी, ६ डिसेंबरला, युरोपात मुलांना खाऊ मिळू लागला. धर्मसुधारणेच्या काळात जर्मनीत संतांचे सण मागे पडले आणि मुलांच्या भेटी नाताळकडे सरकल्या. डच लोकांचा सिंटरक्लास, म्हणजे हेच संत निकोलस, न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकात सांताक्लॉज झाला. त्याच शतकात भेट घराच्या आत वळली, आईबापांकडून मुलांकडे, आणि दुकानांना हंगाम सापडला.

आता सोलापूर. 'नाताळ' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला, पण इथल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीची मुळं अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहेत. हे मिशन चालवणारी संस्था १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली. तिचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात काम सुरू झालं. याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता! बायबलात हा सण सांगितलेला नाही, असं तिथल्या प्युरिटनांचं, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांचं म्हणणं. दंडाचा कायदा १६८१ मध्ये गेला, सरकारी सुटी मात्र १८५६ पर्यंत आली नाही. म्हणजे ज्यांनी आपल्याला नाताळ शिकवला ते स्वतःही तो नव्यानेच शिकत होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात इथल्या मिशनने अनाथ पोरांना आसरा दिला. अशा मुलांसाठी नाताळचा नवा सदरा म्हणजे अंगावरचं कापड होतं, हौस नव्हे.

त्याच काळात इंग्रज अंमलदारांच्या बंगल्यावर नाताळला डाली जायची: फळं, सुकामेवा, फुलं, केक. वरच्याला खूश ठेवण्याची ही भेट. अमेरिकेतही दुकानांत काम करणाऱ्या मुलींना वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी काढावी लागे. त्याविरुद्ध १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटी थांबवण्यासाठी संस्थाच निघाली. मागींची आठवण सांगत सांगत भेट बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाच्या दारात पोचते ती अशी.

मी शेजारच्या ताटांच्या विरोधात नाही. साखर घालून परत येणाऱ्या ताटांनी आमच्या गल्लीत तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू घरं बांधून ठेवली आहेत आणि हे मोल लहान नाही. पण जेवणावळीला परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नका, लंगड्या-आंधळ्यांना बोलवा, असं येशू लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो, तेव्हा तो दुसऱ्या ताटाबद्दल बोलतो. अलीकडे चर्चच्या तरुण संघात चिठ्ठ्या टाकून भेटी देतात, दोनशे रुपयांच्या आत. गंमत असते, मुलं हसतात. गेल्या वर्षी आमच्या घरातल्या मुलीने तिच्या चिठ्ठीच्या भेटीबरोबर एक सोलापुरी चादर मागितली. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही. चोवीसच्या रात्री कॅरल फेरी स्टेशनजवळून परतली तेव्हा चादर तिच्या हातात नव्हती.