पार्श्वभूमी: कोड एकच, यंत्रं तीन आणि परवान्याचा पेच

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींभोवती सॉफ्टवेअर लिहिणारी जी छोटी ऑफिसं आहेत, त्यांतल्या एकात मी काम करतो. आमचा एक प्रोग्रॅम पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये वजनकाट्याशेजारच्या विंडोज पीसीवर चालतो. त्याचाच गाभा द्राक्षबागेतल्या ठिबकच्या कंट्रोलरमध्ये लिनक्सवर चालतो, आणि आता तो बागायतदारांना आयफोनवर हवा आहे. कोड एकच. पण त्यात वापरलेल्या लायब्ररीचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा, परवाना या तीन ठिकाणी तीन वेगळी कामं अंगावर टाकतो. कंट्रोलरच्या बाबतीत ती कोणती, यावर आम्ही विचारलेल्या दोन वकिलांचंही एकमत झालं नाही.

संगणक प्रोग्रॅम भारतीय कॉपीराइट कायद्यात आले ते १९८४ च्या दुरुस्तीने. १९९४ च्या दुरुस्तीने बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्या काळात लायसन्स म्हणजे खोक्यावरचं स्टिकर आणि दुकानाचं बिल. बिल फाइलला लावलं की विषय मिटला. ही सवय आमच्या पिढीच्या अंगात इतकी मुरली की, फुकट मिळणाऱ्या लायब्ररीलाही अटी असतात हे ध्यानात यायला फार वर्षं गेली.

आमची लायब्ररी क्यूटी, प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं एकाच कोडवर सगळीकडे चालवणारी. मूळ उच्चार ‘क्यूट’, पण आमच्या ऑफिसात तसं कुणी म्हणत नाही. नॉर्वेतल्या एका छोट्या कंपनीने ती १९९५ मध्ये बाहेर काढली. युनिक्सवर मुक्त प्रोग्रॅमसाठी फुकट, विंडोजवर विकत. व्यावसायिक परवान्याची किंमत डेव्हलपरच्या संख्येवर ठरे, शिवाय किती प्लॅटफॉर्म हवेत त्यावरही. एकाच कोडवर सगळीकडे चालणं हा जिचा गुण, तिचं बिल मात्र प्लॅटफॉर्म मोजून! पुढे २००० मध्ये युनिक्सवर, २००३ मध्ये मॅकवर आणि २००५ मध्ये विंडोजवर जीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय आला. म्हणजे फुकट वापरा, पण प्रोग्रॅम ज्याला द्याल त्याला स्वतःचा कोडही द्या. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

मार्च २००९ मध्ये, मालकी एका मोठ्या मोबाइल कंपनीकडे गेल्यावर, ४.५ आवृत्तीला एलजीपीएल २.१ या सौम्य परवान्याचा पर्याय मिळाला आणि आमच्यासारख्यांचं दार उघडलं. स्वतःचा कोड बंद ठेवा, लायब्ररी तेवढी ग्राहकाला बदलता आली पाहिजे. विंडोजवर हे सोपं. लायब्ररीची वेगळी फाइल, म्हणजे डीएलएल, शेजारी ठेवायची, परवान्याची प्रत जोडायची, ‘अबाउट’च्या खिडकीत उल्लेख करायचा. पण हा परवाना लिहिला गेला सी भाषेचा विचार करून. लायब्ररीच्या हेडरमधून, म्हणजे आपल्या कोडात ओढून घ्यायच्या तिच्या फाइलीतून, दहा ओळींपर्यंतचं छोटं फंक्शन तुमच्या फाइलीत आलं तर चालेल, असं त्यात चक्क ओळी मोजून लिहिलं आहे. सी++ च्या टेम्प्लेटना, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइलीतच उतरणाऱ्या कोडच्या साच्यांना, हे माप कसं पुरणार? म्हणून क्यूटीला वेगळा अपवाद जोडावा लागला. आयफोनवर तर २०१४ पर्यंत अ‍ॅपमध्ये स्वतःची डायनॅमिक, म्हणजे वेगळ्या फाइलीतली, लायब्ररी ठेवायची सोयच नव्हती. स्टॅटिक लिंक करायचं, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच मुरवायची, तर ग्राहकाला पुन्हा जोडणी करता यावी म्हणून आपल्या ऑब्जेक्ट फाइली (जोडणीआधीचा यंत्र-कोड) द्यायची तयारी हवी. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून उतरला तो मुक्त परवाना आणि स्टोअरच्या अटी यांच्या वादात, आणि परवाने बदलून २०१३ मध्ये परत आला.

खरा पेच मात्र क्यूटीच्या २०१६ च्या ५.७ आवृत्तीपासून सुरू होतो. तिथे एलजीपीएल २.१ जाऊन ३ आला आणि त्याच्यासोबत ‘यूझर प्रॉडक्ट’ हा शब्द आला. घरगुती वापराची वस्तू विकलीत, तर बदललेली लायब्ररी तिच्यावर चढवायला लागणारी माहिती आणि डिजिटल किल्ल्याही ग्राहकाला द्यायच्या. अमेरिकेतल्या एका टीव्ही रेकॉर्डरने कोड दिला, पण बदललेला कोड यंत्रावर चालू दिला नाही, त्यावरचा हा २००७ चा तोडगा. कारखान्यात वापरायच्या यंत्रांना त्यातून सूट आहे.

आता आमचा कंट्रोलर. बागेच्या कोपऱ्यात, स्टार्टरच्या पेटीखाली चार स्क्रूंनी बसवलेला राखाडी डबा. आत सिम कार्ड, बाहेर व्हॉल्व्हच्या वायरी, शेजारी खताची टाकी. बूट लॉक केलेला, म्हणजे सुरू होताना फक्त आमचाच कोड चालेल असा, कारण कुणी उघडून नक्कल करू नये. ही घरगुती वस्तू की धंद्याची? शेती हा धंदाच, असं आमचा पहिला वकील म्हणाला. परवाना मात्र म्हणतो की वस्तूचा लक्षणीय वापर फक्त व्यावसायिक असेल तरच ती यातून सुटते, आणि शंका असेल तर वस्तू घरगुतीच धरायची. आणि हाच डबा आम्ही गंगापूर रोडवरच्या बंगल्यांच्या बागांनाही विकला आहे. दुसऱ्या वकिलाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

कुणालाच, अगदी बनवणाऱ्यालाही, कोड बदलता येत नसेल तर ही अट लागत नाही, अशीही सवलत आहे. पण आम्ही तर सिमवरून अपडेट पाठवतो, त्यामुळे तीही गेली. बूट उघडा ठेवायला आमच्यात विरोध होता तो खताच्या डोसमुळे. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत चुकीचा डोस गेला तर हंगाम हातचा जातो, आणि दोष आमच्या माथी येणार. माझ्या मते ही भीती वाजवीपेक्षा मोठी केली गेली. ग्राहकाने बदललेल्या कोडची हमी द्यायचं बंधन तो परवाना घालत नाही. ज्याने पैसे मोजून डबा घेतला, त्याला तो दुरुस्त करता यावा, ही मागणी मला रास्त वाटते.

त्याच ५.७ मध्ये आलेखाचं मॉड्यूल फुकट घेणाऱ्यांना फक्त जीपीएल ३ खाली मिळालं. वजनाचे आलेख आम्ही त्यावर बांधायला घेतले होते. ते काढून दोन महिने हाताने लिहिले. २०२० मध्ये दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या आधी पैसे भरणाऱ्यांनाच मिळतील असं जाहीर झालं. कंट्रोलर बागेत आठ-दहा वर्षं राहतो, त्यामुळे हा घाव सगळ्यात खोल लागला. १९९८ च्या एका करारामुळे मोफत आवृत्ती पुरती बंद करता येत नाही, एवढाच आधार.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या यादीत प्रत्येक घटकाचा परवानाही लिहायचा असतो. आमच्या एका ग्राहकाने ती यादी मागितली आहे. पॅकहाउसच्या पीसीचा तक्ता एका दुपारी भरून झाला. कंट्रोलरच्या तक्त्यात क्यूटीसमोर ‘एलजीपीएल ३’ लिहिलं आहे, आणि पुढचा शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.